इंजिन जाम पण पत्रा शाबूत, की इंजिन चालू पण पत्रा संशयास्पद? (1972 ची डॅटसन 240 झेड)

सहा_सिलिंडर (धागाकर्ता)

सदस्यहो, गेली कित्येक वर्षे मनात ठाण मांडून बसलेली एक इच्छा आता व्यवहारापर्यंत येऊन पोहोचली आहे आणि नेमक्या याच टप्प्यावर माझी बुद्धी चालेनाशी झाली आहे. मला डॅटसन 240 झेड, म्हणजे निस्सानने डॅटसन या नावाने विकलेली जुनी जपानी स्पोर्ट्स कार, घ्यायची आहे. शोधता शोधता दोन गाड्या समोर आल्या असून दोन्ही 1972 च्या आहेत.

पहिली गाडी लाल रंगाची आहे. रंग आरशासारखा चमकतो, किल्ली फिरवताच इंजिन सुरू होते आणि विकणाऱ्याच्या म्हणण्यानुसार दोन वर्षांपूर्वी तिचे संपूर्ण नूतनीकरण झाले आहे. मात्र त्या कामाची छायाचित्रे किंवा पावत्या त्याच्याकडे नाहीत. दुसरी गाडी वीस वर्षांहून अधिक काळ एका बंद शेडमध्ये उभी आहे. मूळचा पिवळा रंग खडूसारखा फिकट झाला आहे, डॅशबोर्डला भेगा पडल्या आहेत, आसनांमध्ये उंदरांनी संसार थाटला होता आणि इंजिन जाम आहे, म्हणजे हाताने जराही फिरत नाही. पण वाकून पाहिले तेव्हा खालचा पत्रा मला बरा वाटला, आणि मालकांकडे गाडीची सर्व कागदपत्रे नीट जपून ठेवलेली आहेत. पहिलीची किंमत दुसरीच्या सुमारे अडीच पट आहे.

कार्बोरेटर उघडणे, ब्रेक बांधणे, क्लच बदलणे ही कामे मी स्वतः केलेली आहेत. वेल्डिंग मात्र कधीही केलेले नाही. मी कोणती गाडी घ्यावी?

गंजशोधक

दुसरी. मात्र खाली झोपून, हातात बॅटरी आणि बोथट टोकाचा स्क्रूड्रायव्हर घेऊन, किमान दोन तास तिची तपासणी केल्यावरच.

या गाडीला वेगळी चेसिस नाही. पत्र्याचे कवच हाच तिचा सांगाडा, त्यामुळे गंज लागला की तो केवळ दिसण्याचा प्रश्न राहत नाही, गाडीच्या ताकदीचाच प्रश्न होतो. त्या काळी पोकळ भागांच्या आतून गंजरोधक थर देण्याची पद्धत आजच्यासारखी नव्हती आणि पत्राही पातळ होता. शिवाय पाणी कोठून आत शिरते आणि कोठे साचते, हे या गाडीत जवळजवळ ठरलेले आहे. बॅटरी ज्या तबकावर बसते तेथे आम्लाच्या वाफेने आधी तबक जाते, मग त्याच्यामागची भिंत आणि शेवटी खालची तुळई. समोरच्या काचेखाली, वायपरजवळ, हवा आत घेणारी जाळी आहे. तेथे पाने आणि धूळ साचून पाण्याच्या वाटा बुजतात, मग ते पाणी दाराखालच्या पोकळ पेटीत उतरते आणि पेटी आतून बाहेर अशी झडत येते. मागच्या चाकाच्या पुढे दाराच्या उंबऱ्याला मिळणारा वळणदार पत्रा, डिकीच्या तोंडाची खालची कड, स्टेपनीचा खड्डा आणि पायांखालचा तळ ही उरलेली ठिकाणे.

लाल गाडीसाठी एक मऊ, चपटे लोहचुंबक पातळ कापडात गुंडाळून सोबत न्या. वर सांगितलेल्या प्रत्येक जागी ते फिरवा. जेथे ते चिकटत नाही तेथे पुट्टी आहे, आणि पुट्टीखाली काय आहे हे विकणाराही बहुधा सांगू शकणार नाही. रंगाची जाडी मोजणारे यंत्र मिळाले तर अधिक उत्तम. कारखान्यातला रंग साधारणपणे 100 ते 150 मायक्रॉन भरतो. दुसऱ्यांदा रंगवलेली गाडी त्याच्या दुप्पट दाखवेल आणि त्यात गैर काही नाही, पण एखाद्या जागी आकडा हजाराच्या पुढे गेला तर तेथे पत्रा कमी आणि शिल्पकला अधिक आहे, असे समजावे.

लांब_बॉनेट

दोन्ही घ्या आणि एकीचे इंजिन दुसरीत बसवा. घरी एकच गाडी घेतल्याचे सांगता येईल, आणि शेवटी खरोखरच एक उरत असल्यामुळे खोटे बोलल्याचे पापही लागणार नाही.

व्यवहारी

गंजशोधक यांचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बिनतोड आहे, तरीही मी पहिल्या गाडीच्या बाजूने बोलणार आहे, कारण येथे पत्र्याइतकाच माणसाचाही विचार व्हायला हवा. पूर्ण उघडलेल्या गाड्यांपैकी पुन्हा रस्त्यावर आलेल्या किती, हे प्रत्येकाने आपापल्या ओळखीच्या वर्तुळात मोजून पाहावे. माझ्याकडे 1974 ची टोयोटा सेलिका आहे. ‘आहे’ हे क्रियापद मी जपून वापरतो, कारण ती 41 खोक्यांमध्ये आहे. नऊ वर्षांपूर्वी मी ती एका उन्हाळ्यात पुरी करण्याच्या इराद्याने उघडली. पहिल्या महिन्यात सर्व नटबोल्ट वेगळ्या पिशव्यांमध्ये घालून वर नावे लिहिली. तिसऱ्या महिन्यात पिशव्यांवर ‘संकीर्ण’ असे लिहू लागलो, आणि त्याच दिवशी ती गाडी संपली.

चालती गाडी माणसाला बांधून ठेवते. आज ब्रेक केले, पुढच्या महिन्यात सस्पेन्शनची रबरे बदलली आणि मधल्या काळात ती चालवलीही, असे झाले तर उत्साह टिकतो. ज्यांनी वेल्डिंग कधी केलेले नाही, त्यांनी वीस वर्षे बंद असलेली गाडी घेणे म्हणजे पोहणे शिकण्यासाठी थेट विहिरीत उडी टाकणे होय.

गंजशोधक

व्यवहारी, आपल्या 41 खोक्यांबद्दल सहानुभूती आहे. परंतु आपण दिलेले कारण माझ्याच बाजूचे आहे. धागाकर्त्यांना इंजिनाचे काम येते आणि वेल्डिंग येत नाही. मग ज्या गाडीत इंजिनाचे काम आहे ती घ्यावी, की जिच्यात वेल्डिंगचे काम लपलेले असण्याचा संभव आहे ती? इंजिन सुटे काढून बाकावर ठेवता येते, गाडीचा तळ तसा ठेवता येत नाही. दाराखालची पेटी कापण्यापूर्वी दाराच्या चौकटीत आतून आडव्यातिडव्या सळ्या जोडून कवच जखडून घ्यावे लागते, नाहीतर ते किंचित पिळवटते आणि पुढे दार कधीच नीट लागत नाही. हे काम जाणणारे कारागीर थोडे आहेत आणि त्यांचे तास मोजून संपत नाहीत.

पाना_दहाचा

जाम इंजिनाला घाबरण्याचे कारण नाही. या गाडीत एल 24 हे सरळ रांगेतील सहा सिलिंडरांचे, 2393 सीसीचे इंजिन आहे. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे आणि कॅमशाफ्ट वरती, साखळीवर चालणारा. याच मालिकेतील 2.6 आणि 2.8 लिटरची भावंडे पुढे 260 झेड आणि 280 झेडमध्ये आली, त्यामुळे सुटे भाग आणि माहिती यांचा तुटवडा नाही.

दीर्घकाळ उभ्या गाडीत बहुतेक वेळा एखादी झडप उघडी राहिलेली असते. तिच्यातून दमट हवा एक-दोन सिलिंडरांत पोहोचते आणि पिस्टनच्या कड्या बिडाच्या भिंतीला गंजाने चिकटतात. उपाय असा. सहाही स्पार्क प्लग काढावेत, प्रत्येक भोकातून गंज सोडवणारे पातळ तेल किंवा ऑटोमॅटिक गिअरचे तेल ओतावे आणि आठ-दहा दिवस अधूनमधून भर घालत थांबावे. त्यानंतर क्रँकच्या पुढच्या बोल्टला 27 चा सॉकेट लावून लांब दांड्याने हळूहळू दाब द्यावा. एक दोरा इकडे, एक दोरा तिकडे, असे मागेपुढे करावे. स्टार्टर लावून किंवा गाडी गिअरमध्ये टाकून ओढून इंजिन सोडवण्याचा प्रयत्न कोणी सुचवला तर त्या माणसाला चहा पाजून परत पाठवावे, कारण त्यात कड्या तुटतात आणि वाचू शकणारा पिस्टनही जातो.

आणि एक महत्त्वाचे. हेड काढायची वेळ आली तर साखळीच्या दोन बाजूंच्या मधोमध लाकडाची पाचर घट्ट ठोकल्याशिवाय वरचे दातेरी चक्र सोडू नका. पाचर नसेल तर साखळी ताणून धरणारा दट्ट्या आतल्या आत बाहेर येतो आणि अर्ध्या दिवसाच्या कामासाठी इंजिनाचे सगळे पुढचे झाकण उतरवावे लागते. हे मी पुस्तकात वाचले होते, तरीही पाचर न मारता चक्र सोडले होते.

सहा_सिलिंडर

सर्वांचे आभार. पाचर हा शब्द भिंतीवर लिहून ठेवला आहे. एक प्रश्न राहिला. इंजिन त्या गाडीचे मूळ आहे की नंतर बदललेले, हे कसे ओळखावे आणि त्याने खरोखर काही फरक पडतो का?

क्रमांक_पडताळा

डाव्या स्टिअरिंगच्या निर्यात गाडीचा क्रमांक एचएलएस30 या अक्षरांनी सुरू होतो आणि उजव्या स्टिअरिंगच्या निर्यात गाडीचा एचएस30 ने. हा क्रमांक इंजिनामागच्या भिंतीवर थेट पत्र्यात ठोकलेला असतो. बॉनेटखालच्या पट्टीवर गाडीच्या क्रमांकाबरोबर इंजिनाचा क्रमांकही दिलेला असतो, तो ब्लॉकच्या उजव्या अंगावर कोरलेल्या क्रमांकाशी ताडून पाहावा. पट्टी रिव्हेटने बसवलेली असल्यामुळे ती बदलता येते, पत्र्यात ठोकलेला आकडा बदलणे त्या मानाने अवघड आहे. रिव्हेट नवे दिसले तर शंका घ्यावी.

फरक पडतो, परंतु पुढे विकताना. अनेक गाड्यांमध्ये अधिक ताकदीसाठी 2753 सीसीचे एल 28 बसवलेले आढळते आणि चालवायला त्या गाड्या उत्तम असतात. विकणारा ‘मूळ इंजिन’ म्हणून वाढीव किंमत मागत असेल, तर मात्र आकडे जुळलेच पाहिजेत.

रोटरी_वेडा

धाग्याचा ओघ अडवतो, क्षमस्व. झेडच का? पहिल्या पिढीची माझदा आरएक्स-7 (1978 ते 1985) हलकी आहे, तोलाला सुरेख आहे, आणि तिच्या 12 ए या रोटरी इंजिनात (पिस्टनऐवजी त्रिकोणी रोटर फिरणाऱ्या) झडपा नाहीत, कॅमशाफ्ट नाही, साखळी नाही, त्यामुळे पाचरही नाही. 1146 सीसीचे ते इंजिन एवढेसे असते की दोन माणसे ते सहज हलवतात.

लोक रोटरीला नाहक घाबरतात. तपासणी मात्र तिच्या पद्धतीने व्हायला हवी. नेहमीचा कॉम्प्रेशन मापक रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत बऱ्या बाजूचाच दाब धरून ठेवतो आणि आजारी इंजिनही धडधाकट दाखवतो. रोटरच्या तिन्ही बाजूंचा दाब वेगवेगळा दाखवणारा खास मापक हवा, इंजिन तापलेले हवे, आणि तिन्ही ठोके सारखे यायला हवेत. एक ठोका कमी पडला तर टोकाची पट्टी झिजली किंवा मोडली आहे. तेल खाते ही तक्रारच नव्हे. पट्ट्यांच्या वंगणासाठी थोडे तेल मुद्दामच जाळले जाते, म्हणून तेल न खाणारी रोटरी दिसली तर अधिक काळजी करावी.

पाना_दहाचा

रोटरी_वेडा, 1991 मध्ये चार रोटरच्या माझदा 787 बी ने ले मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली, हे आपण अजून सांगितले नाही. तब्येत बरी आहे ना?

रोटरी_वेडा

पुढच्या प्रतिसादासाठी राखून ठेवले होते. आपण माझा घास काढून घेतलात.

धुळीची_वाट

शर्यतींचा विषय निघालाच आहे तर झेडची बाजूही मांडली पाहिजे. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली ही गाड्यांची हाडे खिळखिळी करणारी स्पर्धा होती आणि 240 झेडने ती 1971 आणि 1973 अशी दोनदा जिंकली. 1973 चे विजेते चालक होते शेखर मेहता. युगांडात जन्मलेल्या, भारतीय वंशाच्या या चालकाने सफारी एकूण पाच वेळा जिंकली. लांब बॉनेटची, नाजूक दिसणारी ही गाडी चिखलात आणि खडकांवर टिकली, यामागे चारही चाकांना असलेले स्वतंत्र सस्पेन्शन आणि ते दणकट एल 24 होते. जे इंजिन ते सोसू शकले, ते वीस वर्षांची झोपही सोसेल असे मला वाटते.

मूळ_रंग

माझा आग्रह वेगळा आहे. दुसरी गाडी घ्या आणि तिला शक्य तितके कमी हात लावा. कारखान्यातला रंग एकदाच मिळतो. तो फिकट झाला असला तरी अनेकदा पॉलिशने उजळतो, आणि जेथे उजळत नाही तेथे ती गाडी कोठे उभी होती हे सांगतो. कवच उघडे करून वाळूच्या फवाऱ्याने साफ करण्याचा मोह तर कटाक्षाने टाळा. बॉनेट आणि दारांचे सपाट, पातळ पत्रे त्या माऱ्याने लाटेसारखे होतात आणि मग तेच झाकायला पुन्हा पुट्टी लागते. आम्लाच्या हौदात बुडवणे हा दुसरा मार्ग, पण सांध्यांमध्ये अडकलेले आम्ल पुरते धुतले गेले नाही तर एक-दोन वर्षांनी नव्या रंगाखालून पाझरू लागते.

पाचवा_गिअर

मूळ_रंग यांचा आदर राखून असहमती नोंदवतो. गाडी वापरायची असेल तर काही सुधारणा अपरिहार्य आहेत. 240 झेडमध्ये समोरच्या दिव्यांचा सगळा विद्युतप्रवाह स्टिअरिंगजवळच्या स्विचमधून जातो. पन्नास वर्षांच्या संपर्कपट्ट्या त्यामुळे तापतात आणि स्विच वितळलेला आढळतो. रिले (मोठा प्रवाह हाताळणारा वेगळा विजेचा स्विच) बसवून तो भार बाहेर काढणे यात मला कोणतेही पावित्र्यभंग दिसत नाही. प्लॅटिनम पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हेही तसेच. अमेरिकेतील सुरुवातीच्या गाड्यांना चारच गिअर होते, तेथे पाचवा मिळाला की लांबच्या प्रवासात इंजिनही शांत राहते आणि चालकही. जुने भाग पेटीत जपून ठेवावेत, म्हणजे पुढच्या मालकाला वाटल्यास सर्व पूर्ववत करता येईल.

मूळ_रंग

रिले मान्य. पाचवा गिअरही मान्य, कारण जपानमध्ये तो मिळतच होता. परंतु सुधारणांची यादी रिलेपासून सुरू होते आणि रुंद मडगार्डांपाशी संपते, हे मी फार वेळा पाहिले आहे.

सुई_दोरा

मी आसने आणि आतील सजावट करते, म्हणून या चर्चेत कोणाच्या लक्षात न आलेली एक बाब सांगते. यंत्राचे भाग मिळतात; मऊ भाग छळतात. दारांची आणि मागच्या काचेची रबरे, आतल्या छताचे कापड, गिअरजवळच्या उंचवट्यावरचे चौकटीचे नक्षीदार आवरण आणि विशेषतः डॅशबोर्ड. या गाडीचा डॅशबोर्ड उन्हाने फुटतो आणि भेगा नसलेला मूळ डॅशबोर्ड दुर्मीळच आहे. वरून टोपीसारखे आवरण चिकटवण्याची पद्धत आहे, परंतु त्याखाली भेगा वाढत राहतात आणि नंतर ते काढताना मूळचाही चुरा होतो. सुटा करून, भेगा रुंद खणून, लवचीक भरण घालून वर नवे आवरण चढवणे हे टिकाऊ काम आहे.

उंदरांबद्दल धागाकर्त्यांनी ओझरते लिहिले आहे, पण ते हसण्यावारी नेऊ नये. उंदरांचे मूत्र पत्रा खाते. आसने काढली की त्यांच्या खालचा आणि गालिच्याखालचा तळ आधी तपासावा, आणि डॅशबोर्डमागच्या तारा कुरतडल्या आहेत का ते पाहिल्याशिवाय बॅटरी जोडू नये.

लिलावाचा_कागद

कोणी थेट जपानमधून नंतरच्या काळातील गाडी, म्हणजे 1989 ची स्कायलाइन जीटी-आर किंवा तत्सम काही, मागवणार असेल तर तेथील लिलावाच्या तपासणीपत्रकातील गाडीची आकृती आधी वाचावी, श्रेणीचा आकडा नंतर. आकृतीत ‘एस’ म्हणजे गंज, ‘सी’ म्हणजे पत्रा खाल्ला गेलेला, ‘डब्ल्यू’ म्हणजे दुरुस्तीची लाट आणि दुहेरी ‘एक्स’ म्हणजे बदललेला भाग. श्रेणीच्या जागी ‘आर’ असेल तर सांगाड्याची दुरुस्ती झालेली आहे. जपानी गाडी म्हणजे गंजमुक्त हा समजही सोडून द्यावा. होक्काइदोसारख्या बर्फाळ भागात रस्त्यांवर क्षार टाकतात आणि ते वरच्या चमकदार रंगाला नाही, खालच्या तळाला भिडतात.

सहा_सिलिंडर

विलंबाबद्दल क्षमस्व. गेल्या तीन आठवड्यांत दोन्ही गाड्या पुन्हा पाहिल्या, आणि या वेळी चुंबकासह.

लाल गाडीच्या डाव्या मागच्या चाकापुढे चुंबक तळहाताएवढ्या भागात चिकटलेच नाही. विकणाऱ्याच्या परवानगीने पुढचा गालिचा उचलला. खाली काळ्या डांबरी लेपाचा जाड थर होता आणि त्याच्या कडेला रिव्हेटची एक रांग दिसत होती. म्हणजे झडलेल्या तळावर नवा पत्रा नुसता टाचून वर लेप फासलेला आहे. तो गृहस्थ अप्रामाणिक आहे असे मला वाटत नाही; त्यालाही ती तशीच विकली गेली असावी. पण तेथे माझा निर्णय झाला.

पिवळीचे बॅटरीचे तबक गेलेले आहे, मात्र त्याखालची तुळई टोचून पाहिली तर ठणठणीत लागली. उंदरांच्या जागेखाली, सुई_दोरा यांनी सांगितल्याप्रमाणे, तळाला अंगठा जाईल असे एक भोक आहे. डिकीची कड शाबूत आहे. इंजिनाचा क्रमांक पट्टीशी जुळतो. गाडी घेतली, आणली, सहाही भोकांत तेल ओतले आणि रोज सकाळी दांड्याला थोडा दाब देत राहिलो. अकराव्या दिवशी पुली अर्धा इंच हलली. काल तिने पूर्ण फेरा घेतला. चौथ्या सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पट्टा दिसतो, त्यामुळे हेड काढावे लागेलच. पाचर तासून तयार आहे.

आता नवा अडथळा आला आहे. मागच्या सस्पेन्शनची रबरे बदलण्यासाठी खालच्या दांड्यातून आरपार जाणाऱ्या पिना काढाव्या लागतात. नट निघाले, पण पिना हलायला तयार नाहीत.

पाना_दहाचा

अभिनंदन, आणि झेडवाल्यांच्या खऱ्या दुःखात स्वागत. त्या पिनांच्या तोंडावर हातोडा मारू नका, आटे चपटे होतात आणि मग पिन ना पुढे जाते ना मागे. आधी मधली कुलूपखीळ (पिनेला जागेवर अडकवणारी छोटी खीळ) निघाली आहे याची खात्री करा, कारण ती तशीच ठेवून लोक दिवसभर घाव घालत बसतात. ती निघाली असेल तर तेल, उष्णता आणि ओढून काढणारे अवजार, याच क्रमाने. तरीही हटली नाही तर पूर्ण जोडणी उतरवून ताकदवान प्रेस असलेल्या कार्यशाळेत न्या आणि नव्या पिना आधीच मागवून ठेवा.

सहा_सिलिंडर

उजवीकडची कुलूपखीळ आतच होती. मी दोन दिवस घाव घालत होतो.

व्यवहारी

खोकी किती झाली?

सहा_सिलिंडर

सहा. ‘संकीर्ण’ असे अद्याप कशावरही लिहिलेले नाही.